बसायला मिळालं तर शरीरात काय घडतं?

सकाळच्या गर्दीच्या वेळी अंबरनाथ स्टेशनवर जरा थांबून पाहा. मुंबईला कामाला निघालेली कितीतरी माणसं मुंबईच्या गाड्या समोरून जाऊ देतात आणि बदलापूरकडे जाणाऱ्या डाउन गाडीची वाट पाहतात. कोणती डाउन गाडी बदलापूरला संपून लगेच मुंबईकडे फिरते, हे त्यांना तोंडपाठ असतं. गाडी आली की ती चढतात, रिकामी सीट पकडतात, उलट्या दिशेने बदलापूर गाठतात आणि त्याच सीटवर बसून पुन्हा अंबरनाथवरूनच मुंबईला जातात. उल्हासनगर-विठ्ठलवाडीची मंडळीही अशीच ‘डाउन करून’ येतात. बदलापूरच्या फलाटावर ताटकळत उभ्या असलेल्यांना मग गाडी लागते तीच अर्धी भरलेली. त्यावरून बोलाचाली होते, कधी प्रकरण हातघाईवरही येतं.

बाहेरच्या माणसाला हे कोडंच वाटेल. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर साधारण ६८ किलोमीटर. जलद लोकललाही जवळजवळ दीड तास लागतो. एवढा प्रवास रोज नशिबी असताना त्यात स्वतःहून आणखी वेळेची भर कोण घालेल? घड्याळाच्या हिशेबाने हा उघड तोटा आहे. पण शरीर वेगळाच हिशेब ठेवतं, आणि त्या हिशेबाने अंबरनाथचा हा प्रवासी अगदी शहाणपणाने वागतो आहे. हे मोजून दाखवलं ते स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी.

१९७०च्या दशकात स्टॉकहोममध्ये मारियान फ्रँकेनहॉयझर आणि उल्फ लुंडबर्ग हे तणावाचा अभ्यास करत होते. स्टॉकहोमच्या दक्षिणेला निनेसहाम्न नावाचं गाव आहे. तिथून सकाळी राजधानीकडे लोकल सुटे. पहिल्याच स्टेशनवर चढणाऱ्यांचा प्रवास ७९ मिनिटांचा, तर मधल्या स्टेशनवर चढणाऱ्यांचा ४३ मिनिटांचा. संशोधकांनी दोन्ही गटांच्या लघवीचे नमुने घेऊन त्यांत अ‍ॅड्रिनलिन किती उतरलं आहे ते मोजलं. ज्याचा प्रवास लांबचा, त्याच्या शरीरावर ताण जास्त, असं कुणीही म्हणेल. निघालं नेमकं उलट. लांबून येणाऱ्यांचं अ‍ॅड्रिनलिन कमी होतं आणि मधेच चढणाऱ्यांचं जास्त. पहिल्या स्टेशनवर चढणाऱ्याला रिकामा डबा मिळे, कुठे बसायचं आणि कुणाशेजारी बसायचं हे तो ठरवू शके. मधे चढणाऱ्याला जे उरलं असेल त्यावर भागवावं लागे. तिथली गर्दी आपल्या मानाने नगण्य होती, तरी तेवढाही फरक शरीराने टिपला.

आपण किती सोसलं यासोबत, जे सोसलं त्यात आपल्या हातात किती होतं याचीही नोंद शरीर घेतं. दीर्घकालीन तणावाची सगळी गोष्ट या एका नोंदीभोवती फिरते. म्हणून आधी ही नोंद होते तरी कशी, ते पाहू.

काही सेकंदांचा चमत्कार

कल्याणहून येणारी गाडी फलाटात शिरते आहे आणि तुम्ही अजून पुलाच्या पायऱ्यांवर आहात. डोळ्यांनी गाडी टिपली, कानांनी भोंगा टिपला. मेंदूच्या आत, कानाच्या साधारण रेषेत, बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा एक छोटा भाग आहे. धोका ओळखणं हे त्याचं काम. तो हायपोथॅलॅमसला खबर देतो, तिथून निघालेला संदेश मज्जातंतूंवरून थेट मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचतो आणि काही सेकंदांत रक्तात अ‍ॅड्रिनलिन उतरतं. हृदयाचे ठोके वाढतात. डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावतात. पचनाचं काम थांबतं, कारण त्या क्षणी नाश्ता पचवणं महत्त्वाचं नसतं. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, म्हणजे पायांच्या स्नायूंना इंधन मिळतं. रक्त गोठण्याची तयारीही वाढते, कारण लढताना किंवा पळताना जखम होऊ शकते. यातलं काहीही तुम्ही ठरवलेलं नसतं. ‘आता पळायला हवं’ असा विचार मनात येईपर्यंत अर्धी तयारी होऊनही गेलेली असते.

यानंतर काही मिनिटांत दुसरी, सावकाश चालणारी साखळी जागी होते. हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला एक रसायन धाडतं, पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला दुसरं धाडते आणि अ‍ॅड्रिनलमधून कॉर्टिसॉल सुटतं. कॉर्टिसॉलला उगाच खलनायक समजू नये. आपण सकाळी अंथरुणातून उठू शकतो तेही त्याच्यामुळे. मध्यरात्रीच्या सुमारास त्याची पातळी सर्वांत खाली असते, पहाटे ते चढू लागतं आणि जाग आल्यावर पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर जातं. जणू दिवसाला सामोरं जाण्यासाठी शरीर आपल्याला आतून शिधा बांधून देतं. आणि कॉर्टिसॉल पुरेसं झालं की ते स्वतःच मेंदूत परत जाऊन सांगतं, ‘आता पुरे.’ आपणच आपल्याला थांबवणारी अशी रचना पाहिली की थक्क व्हायला होतं.

धोक्याच्या वेळी शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, ही मांडणी हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केली. १९३६ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या हान्स सेल्ये या तरुण संशोधकाने ‘नेचर’मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्यं असे वेगवेगळे त्रास दिले, तरी त्यांच्या शरीरात तेच तीन बदल सापडत होते. अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या, प्रतिकारशक्तीशी निगडित थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण. त्रास कुठलाही असो, शरीराचं उत्तर एकच होतं. तणाव हा वैद्यकशास्त्राचा विषय झाला तो इथून.

संकट संपतच नाही तेव्हा

ही सगळी यंत्रणा काही मिनिटांच्या संकटासाठी घडली आहे. आफ्रिकेत वर्षानुवर्षं बबून माकडांचा अभ्यास करणारे रॉबर्ट सापोल्स्की झेब्र्याचं उदाहरण देतात. सिंह मागे लागला की झेब्रा जिवाच्या आकांताने पळतो. पाच मिनिटांत एक तर तो सुटतो किंवा संपतो. सुटला की पुन्हा चरायला लागतो. उद्या सिंह येईल का, या विचाराने त्याची रात्र जागत नाही. माणसाची जागते. घराचा हप्ता, सासऱ्यांचं आजारपण, कंत्राटी नोकरी, उशिराचा लेटमार्क या गोष्टी समोर नसतानाही आपण त्या मनात आणू शकतो आणि मेंदू त्यांनाही सिंहासारखंच उत्तर देतो. कल्पना करण्याची हीच ताकद माणसाचं सर्वांत मोठं बळ आहे, आणि तिची किंमतही माणसालाच मोजावी लागते.

१९९३ साली ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलर यांनी या किमतीला शास्त्रीय नाव दिलं, ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’. प्रत्येक वेळी सज्ज होण्यासाठी शरीर थोडी झीज सोसतं. विश्रांती मिळाली तर ती भरून निघते. न मिळाल्यास वाण्याच्या वहीतल्या उधारीसारखी ती साचत जाते, आणि एके दिवशी सगळी एकदम मागितली जाते.

ही झीज कुठे दिसते? रक्तवाहिन्यांत दिसते, कारण रोज वाढणारा रक्तदाब त्यांच्या अस्तराला इजा करतो. पोटाच्या घेरात दिसते, कारण कॉर्टिसॉल चरबी पोटाभोवती साठवायला मदत करतं. रक्तातल्या साखरेत दिसते, कारण स्नायूंसाठी सोडलेली साखर आपण खुर्चीत बसून खर्चच करत नाही. पोटात, पाळीत, झोपेत, मानेच्या आणि जबड्याच्या आवळलेल्या स्नायूंत दिसते. ‘इंटरहार्ट’ नावाच्या अभ्यासात ५२ देशांतल्या जवळजवळ २५ हजार माणसांची पाहणी झाली होती, भारतही त्यात होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिला हृदयविकाराचा झटका आलेल्यांमध्ये कामाचा, घरचा आणि पैशाचा कायमचा ताण इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आढळला.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी २६ स्त्रियांच्या हातावर, भूल देऊन, साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम केली. मसूराच्या दाण्याहूनही लहान. त्यांतल्या १३ जणी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या होत्या. उरलेल्या १३ जणी वयाने आणि उत्पन्नाने त्यांच्यासारख्याच, पण त्या जबाबदारीतून मोकळ्या. जखम एकाच मापाची आणि एकाच पद्धतीने केलेली. मोकळ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी ३९ दिवस लागले, सेवा करणाऱ्यांची भरायला जवळजवळ ४९. मनावरचं ओझं कातडीवर दहा दिवसांच्या फरकाने मोजता आलं. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षं उस्तवारी करणारी बाई ‘मला काही होत नाही’ म्हणते, तेव्हा तिच्या त्वचेतल्या पेशी वेगळंच सांगत असतात.

सर्दीचंही तसंच. शेल्डन कोहेन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले. विषाणू सर्वांच्या नाकात गेले, पण ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त त्यांना सर्दी होण्याचं प्रमाणही पायरीपायरीने जास्त निघालं.

बंगळुरूला दिसलेली दोन झाडं

शरीराचं हे ऐकून मन चकित होतं, पण मेंदूत काय होतं ते त्याहून विलक्षण आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा भारतातच सापडला. २००२ साली बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना रोज २ तास, सलग १० दिवस, हलता येणार नाही अशा प्रकारे जखडून ठेवलं. मग त्यांच्या मेंदूतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. प्रत्येक चेतापेशीला फांद्या असतात, त्यांतूनच ती इतर पेशींशी जोडलेली असते. हिप्पोकॅम्पस हा आठवणी घडवणारा भाग. तिथल्या पेशींच्या फांद्या तणावाने आखूड झाल्या होत्या. हे आधीही माहीत होतं. पण भीती आणि धोका ओळखणाऱ्या अमिग्डलात त्याच तणावाने फांद्या वाढल्या होत्या. एकाच मेंदूत, त्याच दहा दिवसांत आठवणीचं झाड आक्रसलं आणि भीतीचं झाड फोफावलं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे लक्षात ठेवूनही या निष्कर्षाने रोजच्या कितीतरी गोष्टींवर उजेड पडतो. दीर्घकाळ तणावात असलेल्या माणसाला किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं, पण कुणाचा लागट शब्द मात्र वर्षभर लक्षात राहतो. दारावरची बेल वाजली तरी छातीत धस्स होतं. मुलाने पाणी सांडलं तर आवाज चढतो, आणि मग रात्री त्या चढलेल्या आवाजाचं वाईट वाटतं. आपण याला स्वभाव म्हणतो. ‘तो हल्ली फार तापट झालाय,’ ‘तिला काहीच आवडेनासं झालंय.’ खरं पाहता आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग थकलेला असतो आणि धोका शोधणारा भाग डोळ्यांत तेल घालून जागा असतो. अशा अवस्थेतून पुढे नैराश्य किंवा चिंतेचा आजार जडण्याचा धोका वाढतो.

आणि हा भीतीचा भाग हृदयापर्यंत पोचतो. २०१७ साली बोस्टनच्या अहमद तवाकोल यांच्या गटाने २९३ लोकांच्या स्कॅनचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. ज्यांच्या अमिग्डलाची सक्रियता जास्त, त्यांच्या अस्थिमज्जेची सक्रियताही जास्त आणि धमन्यांतला दाहही जास्त. पुढच्या वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाणही त्यांच्यातच अधिक दिसलं. मेंदूतली भीती, हाडांच्या आतली रक्तपेशींची निर्मिती आणि हृदयाची धमनी ही एकाच सुतात ओवलेली आहेत. मन आणि शरीर वेगळं मानायची आपली सवय इथे टिकत नाही.

हातातलं चाक

आता पुन्हा त्या सीटकडे येऊ. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाईस यांनी १९६०-७०च्या दशकांत उंदरांवर काही प्रयोग केले. दोन उंदरांना एकाच वेळी, एकाच तीव्रतेचे विजेचे धक्के बसत. पहिल्याच्या पुढ्यात एक चाक होतं. ते फिरवलं की दोघांचेही धक्के थांबत. दुसऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. धक्के दोघांना अगदी सारखे, पण जठरात व्रण जास्त झाले ते हातात काहीच नसलेल्याला. दुसऱ्या एका प्रयोगात धक्क्याआधी सूचनेचा आवाज वाजवला. त्रास तेवढाच असूनही आधी कळल्यामुळे व्रण पुष्कळ कमी झाले. प्रयोग क्रूर होते, पण त्यांतून कळलेली गोष्ट मोलाची आहे. ताबा आणि पूर्वसूचना या दोन गोष्टी शरीराचं रक्षण करतात.

माणसांत हे दाखवलं मायकेल मार्मट यांनी. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९६७ साली सुरू झाला. समज असा होता की हृदयविकार मोठ्या साहेबांना होतो, कारण जबाबदाऱ्या त्यांच्याच डोक्यावर. निघालं भलतंच. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणं हिशेबात धरली तरी फरक पुरता मिटेना. १९८५ला सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात स्त्रियाही होत्या. त्यात दिसलं की आपलं काम कसं आणि कधी करायचं हे ज्यांना ठरवता येत नाही, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो.

या उजेडात आपल्या तीन शहरांकडे पाहा. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार होती, अंबरनाथची अडीच लाख, बदलापूरची पावणेदोन लाख. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसं इथे आली, अजूनही येत आहेत. कल्याणच्या पुढे बदलापूरकडे मात्र दोनच रूळमार्ग. लोकलही त्यावरून धावते आणि पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेसही. एका ठिकाणी काही बिघडलं की मागचं सगळं थांबतं. अशा वेळी फलाटावरचा माणूस दर दोन मिनिटांनी मान उंच करून इंडिकेटरकडे बघतो. इंडिकेटरवर आकडा हलत नाही आणि घोषणाही होत नाही, तेव्हा तो नेमका सूचनेचा आवाज न मिळालेल्या जागी उभा असतो. ‘गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आहे’ एवढं खरं आणि वेळेवर सांगितलं, तरी गाडी लवकर येणार नाही, पण त्याच्या जठराला आणि हृदयाला फरक पडेल.

न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने जाणाऱ्या २०८ नोकरदारांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी मोजलं होतं. प्रवास जितका लांब तितकं कॉर्टिसॉल जास्त, आणि प्रवासानंतर मजकुरातल्या चुका शोधण्याच्या कामात चिकाटीही कमी. त्याच भागात गाडी न बदलता थेट जाण्याची सोय झाली, तेव्हा ती वापरणाऱ्यांचा ताण कमी झाल्याचंही या संशोधकांना आढळलं. नवा मार्ग, थेट गाडी, वेळ पाळणारं वेळापत्रक यांचा परिणाम लाळेच्या थेंबात दिसतो.

आणि हातात नसलेल्या गोष्टी फक्त रेल्वेतच आहेत असं नाही. मे २०२१मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. जुन्या इमारतींना धोकादायक म्हणून नोटिसा येतात, आणि ज्याला दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही तो छताच्या भेगेकडे पाहत झोपतो. बदलापुरात २६ जुलै २००५च्या पुराची आठवण असलेली घरं आहेत. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेव्हाही नदीकाठच्या वस्त्यांत पाणी होतं. जुलैतल्या एखाद्या रात्री पाऊस वाढला की तिथे कुणी डोळा लावत नाही. पाणी आलं नाही तरी शरीर पुराची तयारी करून बसलेलं असतं, आणि त्या तयारीची झीज होतेच.

फांद्या पुन्हा फुटतात

एवढं वाचून धास्तावू नका, कारण यापुढची गोष्ट सर्वांत आनंदाची आहे. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये कॉनर लिस्टन आणि मॅकएवन यांच्या गटाने मोठ्या परीक्षेच्या तयारीत महिनाभर पिळून निघालेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मेंदू स्कॅन केले. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर नेण्याची क्षमता मंदावली होती, मेंदूच्या पुढच्या भागाचे दुवे विस्कळीत झाले होते. परीक्षा संपली, महिनाभर ताण उतरला, आणि पुन्हा तपासलं तर सगळं पूर्ववत. मेंदू स्वतःला सावरतो. चटर्जी यांच्या गटाला मात्र उंदरांत असंही दिसलं की तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर आठवणीच्या भागातल्या फांद्या पुन्हा वाढल्या, तरी भीतीच्या भागातली वाढ टिकून होती. म्हणजे चार दिवस गावी राहून आल्यावर चिडचिड लगेच गेली नाही, तर स्वतःला दोष देऊ नका. भीतीला उतरायला जास्त वेळ लागतो.

सावरायला मदत करणाऱ्या गोष्टींत सोबत फार वरच्या जागी आहे, आणि इथल्या माणसांनी ती शास्त्राची वाट न पाहता शोधली. १९४७नंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेली लाखभर माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन राहिली. एकेका बराकीत अनेक कुटुंबं. त्यांनी हातगाड्या लावल्या, दुकानं थाटली, शाळा काढल्या, आणि ८ ऑगस्ट १९४९ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असंच सांगतात. ज्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं त्यांनी एकमेकांच्या आधाराने चाक पुन्हा हातात घेतलं.

लोकलच्या डब्यातही तेच घडतं. रोजची गाडी, रोजचा डबा, रोजचा ग्रुप. लेडीज डब्यात भाजी निवडता निवडता मुलीच्या लग्नाची काळजी बोलून होते. दसऱ्याच्या सुमारास डबा सजतो, पूजा होते. भजनी मंडळाचे टाळ वाजू लागतात आणि टाळ नसलेले हात डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतात. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने दाखवलं आहे की एकत्र गायल्यानंतर माणसाची वेदना सोसण्याची क्षमता वाढते. मेंदू एंडॉर्फिन सोडत असल्याची ही खूण, आणि त्याबरोबर आपलेपणाही वाढतो. जागेवरून भांडणारे ग्रुपही याच गाडीत असतात हे खरं. पण ओळखीच्या चार चेहऱ्यांमधली गर्दी आणि अनोळखी गर्दी शरीराला वेगवेगळी जाणवते.

आणखी एक गोष्ट आत्ताच, हे वाचता वाचता करून पाहा. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून नाडी शोधा. सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. बहुतेकांना जाणवेल की श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला ‘जरा दमाने’ असं सांगत असते. सगळी तणावयंत्रणा आपोआप चालते, पण श्वास हे तिचं असं एक दार आहे की ते आपल्याला आतून उघडता येतं. उभ्याने, गर्दीत, एका हाताने हँडल धरूनही.

तरीही सगळा भार एकट्या माणसाच्या श्वासावर टाकणं अन्यायाचं होईल. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून जीव गेले. त्यांना प्राणायाम नव्हे, डब्यात पाय ठेवायला जागा हवी होती. कार्यालयांनी कामाच्या वेळा पुढेमागे कराव्यात असं आवाहन मध्य रेल्वेने केलेलं आहे. जो मालक आपल्या माणसाला अर्धा तास मागेपुढे येण्याची मुभा देतो, तो त्याच्या हातात चाक देतो. कल्याण–बदलापूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला मंजुरी मिळाली आहे, त्यांचं काम लवकर पुरं होणं ही या तीन शहरांची आरोग्याची गरज आहे. वेळेवर होणारी खरी घोषणा, चालू इंडिकेटर, सुरक्षित छत आणि पुराचा आगाऊ इशारा यांनाही औषधाइतकंच महत्त्व द्यायला हवं, आणि तशीच मागणी आपण लावून धरायला हवी.

तोवर स्वतःकडे दुर्लक्ष करू नका. वय ३० पार झालं असेल तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. झोप, भूक, उत्साह किंवा राग यांचं गणित दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेलं असेल, तर तो स्वभाव समजून गप्प बसू नका, डॉक्टरांशी बोला. जगणं नकोसं वाटत असेल तर वाटच पाहू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.